विश्लेषण : सूर्याच्या नोंदी सांभाळतो कोण? कुलाब्याच्या वहीपासून ‘आदित्य’पर्यंतचा प्रवास कसा?

दिवसाचा दीड जीबीचा पॅक अंधेरी येण्याआधीच संपला, ही तक्रार विरार लोकलमध्ये रोज ऐकू येते. अशा एक हजार प्रवाशांचे दिवसभराचे पॅक एकत्र केले, तर होतात दीड टेराबाइट. ‘नासा’ची सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे ‘एसडीओ’ ही एकटी अवकाश वेधशाळा २०१० पासून दररोज साधारण एवढा डेटा पृथ्वीवर पाठवते आहे. वर्षाचा हिशेब साडेपाचशे टेराबाइटच्या घरात जातो. भारताच्या ‘आदित्य एल१’चीही आता त्यात भर पडली आहे. सूर्याचे फोटो काढणे अवघड आहेच. पण ते वर्षानुवर्षे सांभाळणे, हव्या त्या माणसाला हवा तो तुकडा काढून देणे आणि पन्नास वर्षांनीही तो वाचता येईल अशी सोय करणे, हे काम कमी अवघड नाही. त्याकडे लक्ष मात्र कमी जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पाण्याचा एक पाइप फुटला, तेव्हा ते थोडे गेले.

पालघरच्या किनाऱ्याला याच्याशी काय देणेघेणे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झालेला पंतप्रधानांचा कार्यक्रम वाढवण बंदराच्या पायाभरणीमुळे लक्षात राहिला. त्याच कार्यक्रमात मासेमारी बोटींसाठीच्या उपग्रह संपर्क यंत्रणेचा देशभरातील विस्तारही सुरू झाला. देशाच्या किनाऱ्यावरील एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना. मोबाइलची रेंज संपली, तरी बोट कुठे आहे हे किनाऱ्यावर कळावे आणि वादळाचा इशारा बोटीवर पोहोचावा, हा तिचा उद्देश. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या मच्छीमारांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उपग्रहाचा सिग्नल बोटीपर्यंत येताना वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येतो. या थराला आयनोस्फिअर म्हणतात. सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि त्याचा झोत पृथ्वीकडे आला, की हा थर ढवळला जातो. भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्या डोक्यावरचा हा थर एरवीही जरा चंचलच असतो. सौरवादळामुळे अर्नाळ्याची बोट हरवेल, असा याचा अर्थ नाही. जीपीएस किंवा ‘नाविक’ने दाखवलेल्या जागेत एरवीपेक्षा जास्त चूक येऊ शकते, सिग्नल काही काळ तुटू शकतो, एवढेच. विजेच्या जाळ्यांना मात्र मोठा फटका बसू शकतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात सौरवादळामुळे सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर सौम्य म्हणाव्या अशा वादळाने स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले जवळपास ४० उपग्रह खाली ओढले गेले. वरचे वातावरण तापून फुगले, उपग्रहांना होणारा हवेचा विरोध वाढला आणि ते ठरलेल्या उंचीवर पोहोचलेच नाहीत.

अशा वादळाचा इशारा आधी द्यायचा, तर मागची वादळे कशी आली ते नीट माहीत हवे. सूर्याचे चक्र साधारण ११ वर्षांचे असते. खरोखर मोठी वादळे तर कित्येक दशकांतून एखादे. एका संशोधकाच्या आयुष्यात ती पुरेशी येतच नाहीत. त्यामुळे आधीच्यांनी ठेवलेल्या नोंदी हाच अभ्यासाचा आधार ठरतो. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. सूर्यावरचा कालचा उद्रेक पुन्हा घडवून आणता येत नाही.

कुलाब्याच्या वहीत काय सापडले?

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे हौशी खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. अचानक डागांपाशी दोन ठिकाणी झगझगीत प्रकाश दिसला आणि पाचेक मिनिटांत विझला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकले. तारायंत्रे बिघडली, ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधातल्या काही ठिकाणांहूनही दिसला. नोंद झालेल्या सौरवादळांत हे सर्वांत मोठ्यांपैकी एक. पण ते नेमके किती मोठे होते, याचे उत्तर बराच काळ मिळत नव्हते. युरोपातील काही वेधशाळांतील नोंदी मोजपट्टीच्या बाहेर गेल्या होत्या. शिवाय ध्रुवांच्या जवळच्या नोंदींत स्थानिक गोंधळ जास्त असतो.

उत्तर मुंबईत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी होत होत्या. पद्धत कष्टाची. टांगलेल्या चुंबकाची हालचाल डोळ्यांनी वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा. दर तासाला, रात्रंदिवस. २ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी आकडे वेडेवाकडे होऊ लागले, तेव्हा निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही. दर १५ मिनिटांनी, पुढे तर दर पाच मिनिटांनी नोंदी घेतल्या. त्या दिवशी ड्युटीवर कोण होते हे आज कोणाच्या लक्षात नाही, पण काम चोख होते.

या नोंदी वेधशाळेच्या वार्षिक खंडांत छापल्या गेल्या आणि टिकल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्यांच्या आधारे शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. मुंबईत एरवी दिवसभरातला चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. मे २०२४ चे वादळ २००३ नंतरचे सर्वांत तीव्र मानले गेले, लडाखच्या आकाशातही त्याची लाली दिसली. त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला होता.

त्या १६०० च्या आकड्याचा अर्थ काय, यावर पुढे वाद झाला. काहींनी ही घट फार थोडा वेळ टिकली याकडे लक्ष वेधले. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच कमी येतो. २०२२ मध्ये संशोधकांच्या आणखी एका गटाने कुलाब्याचे खंड पुन्हा उघडले आणि चुंबकीय क्षेत्राच्या तिन्ही घटकांच्या नोंदी नव्याने तपासल्या. हा वाद होऊ शकला, कारण कुलाब्याने फक्त निष्कर्ष लिहून ठेवला नव्हता. ‘आज मोठे वादळ झाले’ एवढीच ओळ वहीत असती, तर १६३ वर्षांनी तपासायला काहीच उरले नसते. डेटा सांभाळणाऱ्या संस्था मूळ, कच्च्या नोंदी टाकून द्यायला तयार का नसतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधायला दूर जायची गरज नाही.

विजेच्या ट्रामसाठी वेधशाळा अलिबागला का गेली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, म्हणजे कुलाब्यातील नाजूक उपकरणे सूर्याऐवजी ट्राम मोजत बसली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी पर्यायी जागा म्हणून अलिबाग निवडले. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला.

खरी हुशारी मात्र स्थलांतराच्या पद्धतीत होती. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. दोन जागांच्या आकड्यांत नेहमीचा फरक किती, हे त्यातून कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोपर्यंत हे काम उरकले होते. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे आणि भूचुंबकीय नोंदींचे जागतिक डेटा केंद्रही हीच संस्था चालवते. एकच मोजमाप, एकाच परिसरात, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ: जगात अशा मालिका फार थोड्या आहेत.

आजही एक उपग्रह निवृत्त होण्याआधी दुसरा वर जावा, काही काळ दोघांनी एकच सूर्य पाहावा, असा शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. निधी मागताना तो समजावून सांगणे कठीण जाते. दोन यंत्रे एकच काम का करताहेत, असा प्रश्न हमखास येतो.

‘आदित्य’चा डेटा येतो कुठे?

२ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेले ‘आदित्य एल१’ ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. चंद्र आहे त्याच्या जवळपास चौपट लांब. यानावर सात उपकरणे आहेत. त्यातील ‘सूट’ ही अतिनील किरणांत सूर्य पाहणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’च्या नेतृत्वाखाली तयार झाली. तिच्या सेन्सरवर ४०९६ बाय ४०९६ बिंदू आहेत, म्हणजे एका पूर्ण चित्रात १ कोटी ६७ लाखांहून अधिक बिंदू. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले, तरी एक चित्र ३३ एमबीच्या पुढे जाते. आणि सूट ११ वेगवेगळ्या फिल्टरमधून चित्रे घेते. बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेले ‘व्हीईएलसी’ हे उपकरण दिवसाला १४४० चित्रे पाठवेल, असे मोहिमेआधी सांगण्यात आले होते.

एसडीओ पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, न्यू मेक्सिकोतील स्वतःच्या ग्राउंड स्टेशनच्या दृष्टिपथात राहते. त्यामुळे तिचा डेटा सतत ओतला जातो. यानावर मोठी साठवण ठेवलेलीच नाही. ‘आदित्य’ला ही चैन नाही. १५ लाख किलोमीटरवरून येणारा सिग्नल क्षीण असतो. बेंगळूरुजवळच्या ब्यालालू येथील मोठ्या अँटेना आणि युरोपीय अवकाश संस्थेची केंद्रे यांच्या ठरलेल्या वेळांतच डेटा उतरवावा लागतो. म्हणून सगळे काही पाठवण्याऐवजी निवड होते. सूट अनेकदा पूर्ण सूर्याऐवजी हालचाल असलेल्या भागाचीच चित्रे घेते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा संग्रहाचा पहिला निर्णय असा यानावरच होतो.

उतरलेला डेटा ब्यालालूच्याच भारतीय अवकाश विज्ञान डेटा केंद्रात जमा होतो. तिथे त्याच्यावर पायरीपायरीने संस्कार होतात. आधी कच्चे संकेत नीट लावून फाइल बनतात. मग उपकरणाचे दोष काढले जातात, वेळ आणि दिशा बसवली जाते. त्यानंतरच तो अभ्यासायला योग्य ठरतो. हे दोष कसे काढायचे, याची समज काळाबरोबर सुधारते. त्यामुळे तोच डेटा दोन वर्षांनी पुन्हा नव्या पद्धतीने तयार होतो आणि जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती याची नोंद ठेवावी लागते. कोणी जुन्या आवृत्तीवर शोधनिबंध लिहिलेला असतो, तोही पडताळता आला पाहिजे.

कक्षेत पोहोचल्याला वर्ष झाले त्या दिवशी, ६ जानेवारी २०२५ रोजी, इस्रोने ‘आदित्य’चा पहिला डेटा सर्वांसाठी खुला केला. तो ‘प्रदान’ या पोर्टलवर नोंदणी करून मोफत घेता येतो. त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी हल्द्वानी येथे नैनितालच्या ‘एरीज’ संस्थेबरोबर स्वतंत्र कक्षही सुरू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ चा एक्स ६.३ तीव्रतेचा सौरउद्रेक सूटने टिपला. त्याचा अर्थ लावताना ‘आदित्य’वरच्याच क्ष-किरण उपकरणांचा डेटा शेजारी ठेवून पाहावा लागला. वेगवेगळ्या उपकरणांच्या घड्याळांचा मेळ नसता, तर ही तुलना जमली नसती.

पाइप फुटला, तेव्हा काय झाले?

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात शीतकरणाचे पाणी वाहून नेणारा चार इंची पाइप फुटला. पाणी शिरले ते नेमके एसडीओच्या दोन मुख्य उपकरणांचा डेटा तयार करून जगाला वाटणाऱ्या केंद्रात. सर्व्हर बंद पडले. जगभरातील शास्त्रज्ञ, हवामान केंद्रे आणि हौशी निरीक्षक रोज जिथून सूर्य पाहत होते, ते दुकानच बंद झाले.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, लोकल थांबल्या, वीज गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक घरांतून फ्रीज, टीव्ही आणि कागदपत्रे गेली. टीव्ही पुन्हा घेता येतो. शाळेचा दाखला, जमिनीचे कागद मिळवताना काय होते, ते ज्याचे त्याला ठाऊक. स्टॅनफर्डमध्येही सर्व्हर नवे आणता येणार होते. प्रश्न त्यांवरच्या नोंदींचा होता.

इथे दोन गोष्टी कामी आल्या. यान डेटा पाठवत राहिले आणि तो कच्च्या स्वरूपात उतरवून ठेवला जात होता. पुढे त्यावर प्रक्रिया करता येणार होती. दुसरे म्हणजे, बेल्जियम आणि जर्मनीतील संस्थांनी या संग्रहाच्या काही भागांच्या प्रती आधीपासून ठेवल्या होत्या. तरीही अभ्यासासाठी तयार डेटा पूर्ववत मिळायला कित्येक आठवडे थांबावे लागले. कच्चा डेटा वाचणे आणि सेवा चालू राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवायची, तर हजारो टेराबाइटची डिस्क, वीज, थंड हवा आणि माणसे यांचा खर्च दुप्पट होतो. लग्नाचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्यांना ही अडचण समजायला हरकत नाही.

प्रत ठेवली म्हणून काम संपत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डिस्कवर एखादा बिट आपोआप उलटा होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक फाइलसाठी तिच्यातील सगळ्या आकड्यांवरून एक छोटा सांकेतिक क्रमांक काढून ठेवतात. ठरावीक काळाने तो पुन्हा काढून ताडून पाहतात. जुळला नाही, तर फाइल खराब. मग दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करायची.

फोटो आहे, पण तारीख नाही, तर?

कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे रोजचे फोटो काढले गेले, बहुतेक काचेच्या प्लेटवर. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने या प्लेट उच्च दर्जाने स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांचा सूर्य एकाच ठिकाणी, हा ठेवा जगात मोजक्याच देशांकडे आहे. पण स्कॅन करणे हा सोपा भाग होता. सूर्याची उत्तर दिशा प्लेटवर कुठे आहे आणि फोटो नेमका किती वाजता काढला, हे कळल्याशिवाय त्यावरचा डाग कुठे होता ते सांगता येत नाही. सूर्य स्वतःभोवती फिरत असतो. वेळेच्या किंवा दिशेच्या नोंदीत थोडी चूक असली, तरी डाग भलत्याच जागी दिसतो. अशा चुका शोधून काढण्यात संशोधकांची कित्येक वर्षे गेली आहेत.

यावरचा आजचा उपाय म्हणजे ‘फिट्स’ नावाची फाइल. खगोलशास्त्रात १९८० च्या आसपासपासून ती वापरात आहे. फाइलच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरांत लिहिलेले असते: कोणते उपकरण, कोणता फिल्टर, तारीख, वेळ, दिशा. मग पुढे चित्राचे आकडे. एकदा या प्रकारात लिहिलेली फाइल पुढे कायम वाचता आलीच पाहिजे, हा नियम जगभर पाळला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीवरची कार्यालयीन फाइल आज उघडून पाहण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

मोबाइलवर सूर्य पाहता येतो का?

येतो. ‘नासा’ आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या सहभागातून चालणाऱ्या ‘हेलिओव्ह्यूअर’ या संकेतस्थळावर एसडीओसह अनेक यानांची चित्रे ब्राउझरमध्येच दिसतात. त्यामागची युक्ती साधी आहे. झूम करून जेवढा भाग पाहायचा, तेवढ्याच भागाचा डेटा फोनवर येतो. सगळे चित्र उतरवावे लागत नाही. दीड जीबीच्या पॅकमध्ये हे सहज बसते. १० मे २०२४ ही तारीख टाकून पाहिल्यास त्या वादळाला कारणीभूत ठरलेला डागांचा भलामोठा पुंजका दिसतो.

आकड्यांवर प्रत्यक्ष काम करायचे, तर लॅपटॉप लागतो आणि विरारच्या घरातले साधे ब्रॉडबँडही पुरते, कारण सगळा संग्रह कोणालाच नको असतो. ‘व्हर्च्युअल सोलर ऑब्झर्व्हेटरी’ नावाची सेवा वेगवेगळ्या संस्थांच्या साठ्यांत एकाच खिडकीतून शोध घेऊ देते: अमुक दिवस, अमुक दोन तास, अमुक तरंगलांबी. ‘सनपाय’ ही पायथन भाषेतली मोफत साधने तीच मागणी चार ओळींत करतात. संग्रह फारच मोठा हवा असेल, तेव्हा मात्र उलटे करावे लागते. डेटा घरी आणण्याऐवजी आपला प्रोग्राम डेटा असलेल्या संगणकावर पाठवायचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘आयबीएम’ आणि ‘नासा’ने सौरउद्रेकांचा अंदाज देणारे एक कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल खुले केले. त्याचे नाव ‘सूर्य’. एसडीओच्या नऊ वर्षांच्या नोंदींवर ते शिकवले आहे आणि उद्रेकाचे चित्र दोन तास आधी उभे करू शकते, असा त्याच्या निर्मात्यांचा दावा आहे. नऊ वर्षे म्हणजे सूर्याचे एक चक्रही पूर्ण होत नाही. ‘आदित्य’चा नियोजित कार्यकाळ पाच वर्षांचा आहे, तोही एका चक्राच्या निम्म्याहून कमी. त्याच्या चित्रांना एसडीओची, कोडाईकनालची आणि अलिबागची नोंद जोडण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालेल. आणि एसडीओला अवकाशात आताच पंधरा वर्षे उलटून गेली आहेत.